भागीत गेलेला भोपळा

“दहा हजार!” थोरला विल्सन ओरडला आणि चर्चच्या अंगणात टाळ्या पडल्या. माझ्या एका हातात माईक होता आणि दुसरा हात टेबलावरच्या लाल भोपळ्यावर. बाजारात त्या भोपळ्याला कुणी शंभर रुपयेही दिले नसते.

“बारा!” धाकटा सुधीर म्हणाला, भावाकडे न बघता.

मी जन्मभर लिलाव पुकारले. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात, एका अडत दुकानात, गुळाचे. शेतकरी गूळ आणतो, अडत्या तो विकून देतो आणि कमिशन घेतो. व्यापाऱ्यांच्या घोळक्यात उभा राहून घसा फाडत भाव चढवणारा जो माणूस असतो, तो मी. मी रिटायर झालो, आवाज काही झाला नाही. म्हणून दर वर्षी हंगामाच्या सणाला आमची मंडळी, म्हणजे चर्चचे लोक, मलाच पुढे ढकलतात.

आम्हा ख्रिस्ती लोकांत पहिलं फळ देवाचं. कुणी भाताची पेंढी आणतं, कुणी भुईमूग, कुणी कोंबडीची अंडी. ज्याला शेत नाही तो घरी केलेला केक आणतो. उपासना झाली की अंगणात या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. भाव बाजारापेक्षा चढाच जातो, कारण घेणाराही देवालाच देत असतो. निदान तसं मानायची रीत आहे.

भोपळा मार्थाआक्कांचा. त्या विल्सन आणि सुधीरच्या आई. उचगावात त्यांचं बैठं घर आहे आणि मागे परडं. नवरा गेल्यावर मुलांनी लेथ मशीनचा कारखाना वाटून घेतला आणि मग एकमेकांशी बोलणंही टाकलं. हे जुनं घर कुणाच्या वाट्याला, ते काही ठरेना. आई तिथे राहिली तर तिची बाजू कोण घेईल आणि घर कुणाकडे जाईल, या संशयानं दोघांनी त्या घराला कुलूप घातलं आणि आईचीच वाटणी केली. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. आक्का दुपारी मागच्या बाजूनं परड्यात जाऊन वेलाला पाणी घालायच्या. स्वतःच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून थोडा वेळ बसायच्या आणि परत यायच्या.

लिलावाआधी त्यांनी मला गाठलं.

“सलाम, दाविद.”

“सलाम, आक्का.”

“माझा भोपळा लौकर इकून मोकळा हो बाबा. ही दोघं तोंड उघडायच्या आत कुणालाबी देऊन टाक.”

“का वं?”

“गेल्या साली पपई आणलीती मी. तिच्यापायी दोघं असं इरेला पेटली की नाताळाला एकमेकाचं तोंड बघितलं न्हाई. औंदा परत तसंच झालं तर मला माझ्या घरात पाय ठेवाय मिळायचा न्हाई बघ. मी अशीच पिशवी घिऊन हिकडनं तिकडं करत मरणार.”

बरं म्हटलं. पण माझी बोली सुरू व्हायच्या आत विल्सननं पाचशे पुकारले, आणि मी त्याच्याकडे वळेपर्यंत सुधीर हजारावर गेला. इतकं चपळ गिऱ्हाईक मला यार्डात कधी मिळालं नाही.

आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. व्यापारी गुळावर बोली लावत असला की त्याची नजर गुळावर असते. ईर्षेनं बोली लावत असला की त्याचं लक्ष गुळावर नसतंच, ते शेजारच्या माणसावर असतं. या दोघांपैकी एकानंही भोपळ्याकडे पाहिलं नव्हतं. आईकडे तर नाहीच नाही.

“पंधरा!” विल्सन म्हणाला.

“मामा, थांबू नका!” आमचे ट्रेझरर मोझेसराव माझ्या कानाशी येऊन कुजबुजले. बँकेत आयुष्य घातलेला माणूस, आकडे वाढले की त्यांचा चेहरा उजळतो. “हॉलच्या नव्या पत्र्यांचे पैसे निघाले की आपले! अजून जरा चढवा!”

मी बायकांच्या बाजूला पाहिलं. मार्थाआक्कांनी पदर तोंडात धरला होता. शेजारच्या बाया त्यांना कौतुकानं कोपरानं ढोसत होत्या, बघा तुमची पोरं आईच्या भोपळ्याला किती मान देतात म्हणून. मला असा संताप आला म्हणून सांगू. दोन तरणेताठे बाप्ये आईच्याच वेलावरचं फळ घेऊन एकमेकांना हाणत होते, आणि आम्ही सगळे त्याला देवाचं दान म्हणून टाळ्या वाजवत होतो.

“पाचशेला भागीत!” मी माईकवर ओरडलो.

टाळ्या थांबल्या.

भागीत हा आमच्या अडतीतला शब्द. दोन व्यापारी एकाच मालावर हटून बसले आणि भाव शहाणपणाच्या बाहेर गेला, की पुकारणारा तो माल भागीत तोडतो. म्हणजे माल दोघांच्या नावावर, निम्मा निम्मा, पहिल्या बोलीच्या भावाला. अट एकच, दोघांनी समोर येऊन तो मिळून उचलायचा.

“अहो, पंधरा हजारावर आलंय!” मोझेसराव जवळजवळ रडकुंडीला आले. “पाचशे कुठनं काढलं? माल मंडळीचा हाय, तुमचा न्हाई.”

“तीन वार म्हणेपर्यंत माल आणणाऱ्याचा असतो, मोझेसराव. शेतकऱ्याला भाव पटला न्हाई तर तो गूळ परत नेतो. ज्यांनी आणलाय त्यांना विचारा.”

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, नगरकडचे, शांत माणूस. त्यांनी आक्कांकडे वळून विचारलं, “आई, तुमचं काय म्हणणं आहे?”

आक्का उठल्या. आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

“देवाला काय पैशाची वाण पडलीया व्हय? भावासंगं वाकडं असलं तर दान तितंच ठेव आन् आदी भावाकडं जा, असं आमाला शिकिवलंय. ह्या दोघास्नीबी मीच शिकिवलंय, मांडीवर घिऊन. पाचशेलाच जाऊ दे माझा भोपळा.”

“एक वार, दोन वार, तीन वार,” मी एका दमात म्हणून टाकलं. मोझेसरावांना मध्ये तोंड घालायला जागा ठेवली नाही.

पाळकसाहेब हळूच मला म्हणाले, “प्रभुभोजनात एकच भाकर सगळे वाटून खातो, त्याला आम्ही सहभागिता म्हणतो. तुमच्या यार्डात भागीत म्हणतात होय?”

“आमच्यात वजन करून देत्यात, साहेब,” मी म्हणालो.

दोघे भाऊ टेबलाशी आले. एक या टोकाला, एक त्या टोकाला. स्वयंपाकघरातून कुणीतरी सुरी आणून दिली. पिकलेला लाल भोपळा कापायला काय ताकद लागते, हे ज्यानं कापलाय त्यालाच ठाऊक. विल्सननं सुरी घातली ती निम्म्यात अडकली, आणि भोपळा टेबलावरून घरंगळायला लागला.

“धर की नीट!” विल्सन खेकसला.

“धरलोय की! तू दाब,” सुधीर म्हणाला.

बोलणं टाकल्यापासून भावाभावातलं हे पहिलं बोलणं. दोघांच्याही ते नंतर ध्यानात आलं असावं, कारण भोपळा दुभंगल्यावर दोघं आपापल्या फोडीकडे बघत नुसते उभे राहिले. सुधीरचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, पण हातात माईक असलेल्या माणसाला नाक ओढायची सोय नसते.

आक्का पुढे आल्या. “कापलेला भोपळा ऱ्हात न्हाई,” त्या म्हणाल्या. “आजच घाऱ्या कराय पायजेत. दोन ठिकाणी दोनदा तळाय मला व्हायचं न्हाई. माझ्या घरात, माझ्या चुलीवर करणार. किल्ली द्या.”

मग विल्सननं खिशातून किल्ली काढून आईच्या हातावर ठेवली. आणि मग सुधीरनंही काढली. तेव्हा आम्हाला कळलं की दाराला दोन कुलपं होती.

उगाच गोड शेवट सांगत नाही. कारखाने आजही दोनच आहेत. घराचा प्रश्न अजून वकिलाकडे आहे. त्या संध्याकाळी घाऱ्या खाताना दोघे भाऊ पावसापाण्याचं बोलले, त्यापलीकडे नाही. पण आक्का त्या रात्री तिथेच झोपल्या आणि पुढची पहिली तारीख आली तरी कुणी त्यांना पिशवी भरायला सांगितलं नाही. आता मुलगे त्यांच्याकडे जातात, कधी कधी एकाच वेळी.

हॉलला अजून जुनेच पत्रे आहेत, आणि पाऊस आला की मोझेसराव बादली माझ्याच खुर्चीशेजारी आणून ठेवतात. मी खुर्ची जरा बाजूला घेतो. पुकारणाऱ्यानं भाव चढवायचा असतो हे मला कुणी शिकवायला नको. पण कुठं थांबायचं हेही त्यालाच ठरवावं लागतं, आणि त्याचं कमिशन मिळत नाही.