जागा झाला का?

माझा लॅपटॉप सकाळी बटण दाबल्यावर लगेच उठत नसे. पडद्यावर ठिपके गोल फिरायला लागत आणि फिरतच राहत. तेवढ्यात माझं दुकान झाडून होई आणि चहाही उकळे. जव्हारला मी लग्नपत्रिका आणि बॅनर करून देते. मागच्या दोन खोल्यांत राहते. नवरा गेला, मग मुलगी ठाण्याला नोकरीला लागली. तेव्हापासून एकटीच.

गिऱ्हाईक बहुतेक खेड्यांतलं, जीपने येणारं. मधल्या वेळात मी लॅपटॉप बंद ठेवत असे, त्यामुळे काम सांगितलं की तो उठेपर्यंत त्यांना बाकावर बसावंच लागे. मग भात कसा आहे, नाचणीला पाऊस पुरला का, कोणाच्या पोरीचं कुठे जमलं, सगळं निघे. दिवसभरात माझ्याशी कोणी कामाशिवायचं बोलत असेल तर एवढ्याच वेळात. दाभोशाच्या एका बाईने तर थोरल्या दोघांच्या पत्रिका माझ्याकडे केल्या होत्या, आता धाकट्याची होती. ती आत आली की माझ्याआधी लॅपटॉपची चौकशी करी.

"जागा झाला का गं तुझा म्हातारा?"

"होतोय."

"तवर बसते मग."

ऐन लग्नसराईत म्हातारा काम करता करता अडकला आणि एक अख्खी पत्रिका गेली. ती पुन्हा पहिल्यापासून केली आणि मुलीला फोन लावला.

"आई, नवाच घे. आता सगळ्यांत एनव्हीएमई ड्राइव्ह असतो. बटण दाबलं की सुरू. लिंक पाठवते, आत्ता मीटिंग आहे."

लिंक आली. नवा घेण्याआधी जुन्यात काय बसतं ते बघावं म्हणून मी मागचे स्क्रू काढले. हात गुंतले होते, म्हणून नाशिकच्या दुरुस्तीवाल्याला स्पीकरवर फोन लावला. दाभोशाची बाई समोर बाकावरच होती.

"मॅडम, पट्टीसारखं कार्ड बसेल अशी खाच दिसते का कुठे?"

"नाही. चपट्या डबीसारखी डिस्क आहे, बस."

"मग एनव्हीएमई विसरा. ती फार पळते, पण तुमच्यात लावायला सोयच नाही. डिस्कच्या जागी साटाची एसएसडी बसेल, म्हणजे त्याच आकाराची पण वेगवान डिस्क. तिच्याएवढी नाही पळणार, पण आत्ताच्यापेक्षा पुष्कळ. जागा किती हवी?"

मी तोंड उघडायच्या आत बाकावरून उत्तर गेलं. "जागा हाय की. मागली खोली रिकामीच पडलीय हिची. एकटी तर राहते."

पलीकडून तो म्हणाला, "कोण येतंय राहायला, मॅडम?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "पाचशे बारा जीबी ठेवा."

फोन ठेवल्यावर बाईला सगळं समजावून सांगितलं. तिला पटलं. "आमच्या रस्त्यासारखंच की. जीप नवी आणली तरी पळणार रस्ता पळू देईल तेवढीच."

नवा लॅपटॉप घ्यायचा नाही, हे तिथेच ठरलं. पत्रिकांना साटाचा वेग भरपूर होता. त्या वेगाबरोबर बाकावरची बैठक जाणार, हेही मला कळत होतं. पण गप्पांसाठी मशीन मंद ठेवायचं हा काही धंदा नव्हे. एसटीने नाशिकला गेले. दुरुस्तीवाल्याने एसएसडी बसवली आणि जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवून दिलं.

दोन-चार दिवसांनी बाई पत्रिका बघायला आली. मी चहा टाकला आणि बटण दाबलं. तिने पिशवी खाली ठेवेपर्यंत पडदा तयार.

"जागा झाला?"

"झाला."

"आत्ताच?" ती वाकून बघत राहिली. पत्रिका उघडली. तिने गणपती बघितला, मुलाचं नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "बराबर हाय," म्हणाली आणि पिशवी उचलली. "बेस झालं बाय. आधीची जीप मिळंल मला."

"चहा टाकलाय," मी म्हणाले. इतक्या वर्षांत कोणाला बस म्हणायची वेळच आली नव्हती. ते काम लॅपटॉप करत होता. त्यामुळे की काय, आवाज असा निघाला जसं काही बिल सांगतेय.

"पुढल्या टायमाला," ती म्हणाली आणि पायरी उतरली.

चहा गाळला. एक कप परत पातेल्यात ओतला आणि कामाला बसले. लॅपटॉप चांगला पळत होता, दुपारपर्यंत तीन बॅनर झाले.

पत्रिका छापून आल्या की ती गठ्ठा न्यायला येईल. त्या दिवशी लॅपटॉप उघडायचं काही कारणच नसेल. तेव्हा ती दारात असतानाच बस म्हणायचं, आणि गठ्ठा नंतर काढायचा.