फ्रीजवरचा फोन

दुबईत अल कुसैसमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रीजवर एक जुना फोन कायम चार्जिंगला लावलेला असतो. त्यात भारतातलं सिमकार्ड आहे. तो बोलायला कुणी वापरत नाही. बँकेचे, गॅसचे, घरपट्टीचे असे सगळे ओटीपी त्याच्यावर येतात आणि आले की स्वयंपाकघरात टुण्ण असा आवाज होतो. आमच्या बिल्डिंगमधल्या बहुतेक भारतीय घरांत असा एखादा फोन आहे. त्याचं रिचार्ज संपलं तर भारतात कागदोपत्री आपण मेल्यात जमा, म्हणून नवरा कुरकुरत का होईना, वेळेवर रिचार्ज करतो. "पन्नास दिरहम, म्हणजे बाराशे रुपये. कशासाठी? तर टुण्णसाठी," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

माझ्या दादाची पेन्शनही त्याच फोनला बांधलेली होती.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दोन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय लुळे पडले; कुबड्या घेतल्या की जेमतेम उभा राहतो. आईबाबा गेल्यापासून तो गावाकडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात एकटा राहतो. शेजारी चुलतभाऊ आणि वहिनी आहेत. वहिनी दोन्ही वेळचं जेवण आणून देतात. पूर्वी दादा घड्याळं दुरुस्त करायचा, पण आता घड्याळ बिघडलं की लोक नवीन घेतात. मी इथून पाठवते ते पैसे तो बँकेत तसेच ठेवतो. सरकारकडून अपंगांना मिळणारी पेन्शन मात्र तो स्वतः खर्च करतो आणि तिला 'माझा पगार' म्हणतो. पगार झाला की त्यातला वाटा आधी वहिनींच्या हातावर ठेवायचा, मग स्वतःची चहापत्ती, दाढीचं सामान. मी कुणाचं फुकट खात नाही, हे त्याला त्या पेन्शनमुळे म्हणता येत होतं. ती गेली असती तर दादाची मान खाली गेली असती, आणि ही गोष्ट त्याने मला कधी बोलून दाखवायची गरज पडली नव्हती.

अर्ज केला तेव्हा मी सुट्टीवर गावी होते. फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना आला आणि मी माझा नंबर लिहिला. दादा म्हणाला, "अगं, माझा लिही ना. घेऊ एखादा फोन." मी म्हटलं, "तुला कुणीतरी गोड बोलून गंडवेल. नंबर माझ्याकडेच बरा." त्याने मी भरलेल्या फॉर्मवर सही केली. आता वाटतं, तिथेच त्याने मला दोन शब्द सुनवायला हवे होते.

माझं कामच संशय घेण्याचं आहे. सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत मी नव्या सप्लायर लोकांची कागदपत्रं तपासते. शिक्का खरा आहे की स्कॅन करून चिकटवलाय, सही एकाच हाताची आहे का, पत्ता जागेवर आहे का, हे बघत माझे दिवस जातात. अठरा वर्षं हे केल्यावर नवऱ्याने आणलेल्या भाजीची पावतीसुद्धा मी उलटीपालटी करून बघते. त्यात दुबईत आठवड्याला एक तरी फोन येतोच, की तुमचा एमिरेट्स आयडी ब्लॉक झालाय, लगेच नंबर सांगा. असल्या लोकांना मी हिंदी, इंग्लिश आणि शेवटी शुद्ध मराठीत धुऊन काढते. मुलगी म्हणते, "मम्मा, यू एन्जॉय धिस." खोटं कशाला बोलू, येते मजा.

गेल्या वर्षी वहिनींच्या फोनवरून दादाने बातमी दिली, की पेन्शनचा कारभार आता जिल्ह्याकडून खाली पंचायतीकडे येणार. नवी योजना. पंचायतीचं माणूस घरी येऊन पडताळणी करणार आणि ज्यांना चालता येत नाही त्यांचे पैसेसुद्धा घरपोच. दादा भलताच खूश होता. तोवर पडताळणी तालुक्याला असायची, कचेरी पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. सरकारने अपंगाचं नाव बदलून दिव्यांग केलं, पण जिना होता तिथेच ठेवला. दर वर्षी दादाने तो जिना चढून आपला पोलिओ अजून बरा झालेला नाही हे सिद्ध करायचं.

"आता मी नाही जायचं त्यांच्याकडे," तो म्हणाला. "तेच येणार माझ्याकडे."

मला ती योजना पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. सरकार घरी येतंय म्हटलं की पर्स छातीशी धरावीशी वाटते. खालच्या पातळीवर कारभार, म्हणजे यादी कुणाच्या हातात? पुढाऱ्याच्या मेहुण्याच्या? घरपोच पैसे, म्हणजे मधे किती दारं? आणि पंचायतीचं माणूस म्हणून उद्या कुणीही येऊन उभं राहिलं तर? मी दादाला बजावलं, "कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही. आधी त्यांना म्हणायचं, बहिणीला फोन लावा. मी हो म्हटलं की उघड."

"बरं," दादा म्हणाला.

तो फोन शुक्रवारी सकाळी आला. शुक्रवारी मी घरून काम करते. फ्रीजवर टुण्ण झालं, बघितलं तर सहा आकडी नंबर आणि 'कुणालाही सांगू नका' अशी ताकीद. लगेच रिंग वाजली. बाईचा आवाज होता, दमलेला.

"मॅडम, मी पंचायतीकडून बोलतेय. तुमच्या भावांची पेन्शनची पडताळणी करायचीय. तुम्हाला आत्ता एक नंबर आला असेल, तेवढा सांगा."

मी कान टवकारले. पहिल्याच वाक्यात ओटीपी मागितला, म्हणजे ओळखायला काही उरलंच नाही.

"तुम्ही कुठून बोलताय?"

"त्यांच्या दारातच उभी आहे. ते आतून म्हणतायत, बहिणीला विचारा."

हे ऐकून खरं तर मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, वा, तयारी चांगली केली आहे. हॉलमधून नवरा ओरडला, "अगं, खलास कर ना, मीटिंग आहे माझी." मी त्याला हातानेच गप्प केलं.

"दारात आहात ना? मग दारावर काय लिहिलंय ते वाचा."

तिने वाचलं. दादाचं नाव, पुढे वडिलांचं, मग आडनाव.

मी जिंकलेच होते. आमच्या दारावर बाबांच्या नावाची पितळी पाटी आहे. लहानपणी दर दिवाळीला चिंच लावून मीच ती घासायचे. या बाईकडे अर्जावरचं नाव होतं आणि तेच तिने दारावर म्हणून वाचून दाखवलं. असल्या चुका पकडायचाच तर मला पगार मिळतो.

"बाई, लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "अपंग माणसाच्या तोंडचा घास काढता? पुन्हा फोन केलात तर पोलिसात देईन."

"मॅडम, ऐकून तरी घ्या, मी उन्हातून..."

मी फोन कापला, नंबर ब्लॉक केला आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो टाकून वर लिहिलं, 'सावधान! ही बाई पेन्शनच्या नावाखाली फसवते. दार उघडू नका.' त्या ग्रुपवर रोज इतके गुड मॉर्निंग आणि फोटो येतात, की मी एरवी काही न बघताच अंगठा टाकून मोकळी होते. त्या दिवशी मात्र माझ्याच मेसेजवर तीसेक अंगठे आले. चुलतभावाने तो गावच्या ग्रुपवर पाठवला. पुढच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्यांनी त्या बाईला बघून कडी लावली, हे मला मागाहून कळलं.

संध्याकाळी दादा वहिनींच्या फोनवरून व्हिडिओ कॉलवर आला. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी.

"बाई आली होती," तो म्हणाला. "तुझ्याशी बोलली आणि गेली. गळ्यात ओळखपत्र होतं, खिडकीतून दिसलं."

"ओळखपत्रं काय, कुठेही छापून मिळतात. फ्रॉड होती ती. तू दार उघडलं नाहीस, शाब्बास."

दादाने शर्टाचं वरचं बटण काढलं. मग म्हणाला, "असेल. तुला त्यातलं जास्त कळतं."

पुढच्या महिन्यात पेन्शन आली नाही. त्याच्या पुढच्याही महिन्यात नाही. माझा संशय कुणावर गेला असेल? वहिनींवर. मी त्यांना आडूनआडून विचारायला लागले. पासबुक कुणाकडे असतं, दादाबरोबर बँकेत कोण जातं. वहिनी साध्या आहेत, पण इतक्याही नाहीत. "ताई, सरळ विचारा ना," त्या म्हणाल्या. "मी खाल्ले का, असंच ना?" मी नाही नाही म्हटलं, पण ते मलाही खोटं वाटलं. दादा आठवडाभर दोन चपात्यांऐवजी एकच घेतोय, भूक नाही म्हणतोय, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा मात्र मी त्यांना आडून विचारणं बंद केलं.

शेवटी चुलतभाऊ तालुक्याला जाऊन चौकशी करून आला आणि त्याने मला मेसेज केला. यादीत दादाच्या नावापुढे शेरा होता, 'पडताळणीसाठी दार उघडले नाही, संपर्क नाकारला.' तारीख त्या शुक्रवारची.

फ्रीजला टेकून मी तो मेसेज कितीदा वाचला कोण जाणे. मुलीने विचारलं, "मम्मा, यू ओके?" मी तिला सांगितलं, की मी एका खऱ्या बाईला चोर ठरवलं आणि तुझ्या मामाची पेन्शन घालवली.  

नाव पुन्हा चढवायचं तर माणसाने स्वतः तालुक्याला हजर व्हायचं, असा नियम निघाला. घरपोच योजनेतून बाहेर पडलेल्याने परत आत यायचं ते जिना चढूनच. मी म्हटलं, मी येते, तिकीट काढते. दादा नको म्हणाला. चुलतभाऊ म्हणाला, पाठीवर घेतो. त्यालाही नको म्हणाला. वहिनींनी मला मग सगळं सांगितलं. दादा खालच्या पायरीवर बसला, हातांवर जोर देऊन मागच्या मागे एकेक पायरी वर सरकत गेला. लोक बाजूने जात येत होते. अर्ध्यावर एक साहेब म्हणाला, "अहो, खाली थांबायचं ना, पाठवलं असतं कुणाला तरी." दादा म्हणाला, "पाठवलं होतं तुम्ही. आमच्याकडूनच परत गेली."

वर टेबलाशी तीच पंचायतीची बाई होती, याद्यांच्या कामाला तिथे बसवलेली. तिने दादाला ओळखलं, पाणी दिलं आणि काम केलं. माझ्याबद्दल एक शब्द काढला नाही, असं वहिनी म्हणाल्या. काढला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच दिवशी दादाने फॉर्ममधला नंबर बदलून घेतला. चुलतभावाबरोबर जाऊन त्याने एक साधा टचस्क्रीनवाला फोन घेतला होता. माझ्या फ्रीजवरच्या फोनवर दादाच्या नावाचा शेवटचा टुण्ण झाला, 'आपला क्रमांक या नोंदीतून काढण्यात आला आहे.'

महिनाभराने मला चैन पडेना. पेन्शन खरंच सुरू झाली का? की परत काहीतरी घोळ? दादा म्हणाला होता, झाली. पण मला स्वतःच्या डोळ्यांनी नोंद बघायची होती. ऑफिसमधून मी पेन्शनची वेबसाइट उघडली, त्याचा पेन्शन क्रमांक टाकला. ओटीपी अर्थातच त्याच्याकडे गेला. मी फोन लावला.

"दादा, तुला आत्ता एक नंबर आला असेल. तेवढा सांग ना."

"कोण बोलतंय?"

"दादा? अरे, मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"थट्टा पुरे. नंबर सांग, दोन मिनिटांत संपेल तो."

"कुणालाही सांगायचा नाही, असं लिहिलंय," तो शांतपणे म्हणाला. "तू बहीण ना माझी? मग सांग, आपल्या दारावर काय लिहिलंय?"

मला हसू आलं. म्हटलं, चल, त्याचं समाधान होऊ दे. "बाबांचं नाव. पितळेची पाटी."

"चुकलं," दादा म्हणाला. "पाटी आत भिंतीवर आहे, बाबांच्या फोटोखाली. दारावर माझं नाव आहे, दोन वर्षं झाली. पहिल्या पगारातून रंगवून घेतलं होतं. त्या बाईने बरोबर वाचलं होतं गं. मी आतून ऐकत होतो, कडीला हात लावून. तू हो म्हणायची वाट बघत होतो."

 एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

समोरच्या वेबसाइटवरची वेळ संपून गेली. मी घरचा ग्रुप उघडला आणि मागे मागे जायला लागले. लग्नं, बारशी, गुड मॉर्निंग, दोन वर्षं मागे. तिथे तो फोटो होता. नवा हिरवा रंग दिलेलं आमचं दार, त्यावर पांढऱ्या अक्षरांत दादाचं नाव, आणि शेजारी कुबड्या टेकवून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा असलेला दादा. खाली सगळ्यांत पहिला अंगठा माझा होता.