विणकरांचे चष्मेवाले

सदऱ्याच्या खिशाला खोचलेली सुई काढायची, वीतभर रेशमी धागा समोरच्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "एवढं ओवून द्या पाहू." अण्णांच्या धंद्याची सुरुवात अशी. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा धागा सुईच्या आजूबाजूलाच फिरत राही. अण्णा कधी हसत नसत.

कुंभकोणमला ते आमच्याच गल्लीत राहत. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. गावातल्या एका चष्म्याच्या दुकानातली पंधरा वर्षांची नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं काम काढलं. काम म्हणजे सायकलला बांधलेली एक लाकडी पेटी. गावातली माणसं सवयीने जुन्याच दुकानात जात. मग डोळ्यांवर पोट कोणाचं, याचा त्यांनी विचार केला आणि सायकल तिरुभुवनमकडे वळवली. तिथे घरोघरी रेशमी साड्यांचे माग. मी तिथल्या विणकरांच्या सोसायटीत कारकून होतो, त्यामुळे आमच्या सायकली बरोबरच निघत.

पहिला महिनाभर एकही चष्मा खपला नाही. पण परतताना ते सांगत, "आज ताक दिलं, तंबी!" तंबी म्हणजे धाकटा भाऊ, मला ते तशीच हाक मारत. दोन दिवसांनी, "आज ओट्यावरून आत बोलावलं!"

"आणि चष्मा?" मी विचारायचो.

"तो येईल मागून."

एकदा मात्र ते माझ्याआधी निघाले आणि वाटेत झाडाखाली बसलेले दिसले. पेटी उघडी, आणि एकेक भिंग पुसणं चाललेलं.

"जुन्या दुकानात परत जावंसं वाटतंय," ते आमच्या तंजावरी मराठीत म्हणाले. "अस्की भिंगं, एकूण एक, पुसून होईस्तोवर थांबतो. मग बघतो."

मीही शेजारी बसलो. शेवटचं भिंग ठेवून त्यांनी पेटी बांधली आणि तिरुभुवनमच्याच दिशेने निघाले. तुमच्या ओळखीत कोणी नवा धंदा काढला असेल, तर अशी सकाळ तुम्हीही पाहिली असेल.

खरी अडचण त्याच आठवड्यात कळली. जरीकाठात ज्याचा हात कोणी धरत नसे, असा एक म्हातारा विणकर त्यांना म्हणाला, "चष्मा लावला की सोसायटी म्हणणार, याचे डोळे गेले. मग जरीचं काम तरण्या पोरांना."

अण्णा तडक माझ्या टेबलाशी आले. "तंबी, खरं का हे?"

मी सेक्रेटरींना विचारून आलो आणि सांगितलं, "मुळीच नाही. आम्ही फक्त साडी बघतो."

"मग हे त्यांच्यासमोर येऊन बोला."

मी भिडस्त माणूस. पण गेलो, बोललो. मग अण्णांनी म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर एकामागून एक भिंगं लावून पाहिली. एका भिंगाशी तो थबकला. उठून मागापाशी गेला, आदल्या दिवशी विणलेल्या काठावर वाकला.

"इथे तीन धागे सुटलेत," तो हळूच म्हणाला.

तो काठ त्याने तेवढाच उसवला आणि पुन्हा विणला.

साड्या जमा करायच्या दिवशी म्हातारा चष्मा लावूनच सोसायटीत आला आणि सगळ्यांदेखत पुढच्या साडीची जर घेऊन गेला. त्यानंतर अण्णांना गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही.

पुढे कित्येक वर्षं दर गुरुवारी ते तिथे जात. ते वारले, त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी चार-पाच विणकर सोसायटीच्या दारात आले. "चष्मेवाले आले नाहीत?" मी सांगितलं. कोणाची काडी मोडली नव्हती, कोणाचं भिंग तडकलं नव्हतं. माग थांबवून आलेली ती माणसं उन्हं उतरेपर्यंत पायरीवर बसून राहिली.