जिन्याची दोन दारं

माझ्या इमारतीच्या मालकाने मला फसवलं. सौद्यात ठरलेली जिन्याची दोन दारं त्याने आधी बसवली आणि मग माझ्या पाठीमागे उतरवून आपल्या नव्या घराला लावली. हे सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी नशिबाला बोल लावायला नको.

इमारत कर्जत स्टेशनाच्या अलीकडे होती. तळमजला दगडी, वर दोन मजले, माथ्यावर मंगलोरी कौलं. आजूबाजूची घरं सगळी बसकी, म्हणून लोक तिला ‘उंच घर’च म्हणत. तळाला मालकाचं गवत असे. गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जाणारं. वरचे दोन मजले मी भाड्याने घेतले. माझा व्यापार हिरडा, शिकेकाई, मध आणि मेणाचा. मधल्या मजल्यावर माल, सगळ्यात वर बायका हिरडा निवडत बसायच्या. वरखाली करायला एकच जिना, तोही गवताच्या वखारीतून निघणारा.

मी शेटाच्या पोटी जन्मलो नाही. मुंबईत गोदीवर पोती वाहिली आहेत. तिथे एका वखारीत तळाला कापूस धुमसला. जाळ माणसाच्या कमरेवर गेला नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर माझ्याबरोबरचे दोघे हमाल मेले. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. जिन्याने धूर वर गेला आणि त्यांना बसल्या जागी गाठून गेला. म्हणून भाड्याचं बोलताना मी अडून बसलो की दोन्ही मजल्यांवर जिन्याच्या तोंडाशी दार पाहिजे.

मालक हसला. “जिन्याला दार? जिना काय पळून जातोय?”

“जिना नाही पळत. धूर पळतो.”

“मग पुढचा ओटा सोड.”

डोंगरातून उतरणारे लोक माल घेऊन त्या ओट्यावर टेकत. व्यापाऱ्याला त्याहून मोक्याची जागा नाही. तरी मी ओटा सोडला आणि दारं घेतली. गावातल्या दोन प्रतिष्ठितांसमोर शब्द झाला. सागवानी दारं आली. साजगावच्या लोहाराकडून मी त्यांच्या कड्या घडवून घेतल्या. दोरीला दगड बांधून असं केलं की दार सोडलं की आपणहून मिटे. बायका कुरकुरायच्या, “शेट, तुमचा धोंडा रोज पाठीत धपाटा घालतो!”

पुढे मी आठ दिवस खालापूरच्या बाजूला हिरडा घ्यायला गेलो. परत येतो तर चौकटीत बिजागऱ्यांची भोकं. मालकाचा गुमास्ता म्हणाला, “दारं फुगली व्हती. रंधा मारायला नेलीत.” दोन महिन्यांनी मालकाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला पंगतीत बसलो, समोर माजघराचं दार, आणि दाराला माझी कडी. मी भरल्या पानावरून उठलो. मालक सगळ्यांदेखत म्हणाला, “अरे बस रे, जेव. दिवाळी झाली की नवी करून देतो.” पंगत हसली.

तुम्ही विचाराल, मी स्वतःच दुसरी दारं का नाही बसवली? मला परवडत नव्हतं असं नाही. पण ती मी एकदा ओटा देऊन घेतली होती, आणि एका वस्तूची किंमत दोनदा मोजणं माझ्या रक्तात नाही. रोज मालकाशी भांडत होतो. भांडणात दिवस गेले, दिवाळीही गेली.

त्या दुपारी मी स्टेशनावर माल चढवत होतो. इमारतीकडे पाहिलं तर कौलांच्या फटीतून धूर गळत होता. धावत आलो. गवतातला कुठलातरी दमट गठ्ठा आतून तापून धुमसला होता. जाळ फारसा नव्हता. नुसता पिवळट, जड धूर. आमच्याकडे गोठ्याला आग लागली की पहिलं काम कोणतं? दावी कापायची, दारं सताड उघडायची, आतलं बाहेर ओढायचं. लोकांनी तेच केलं. वखारीचं मोठं दार उघडलं, नदीकडचा वारा आत घुसला आणि सगळा धूर उघड्या जिन्याने वर चालला. वर नऊ बायका होत्या. खिडक्यांना लोखंडी गज होते. ते गज चोरीच्या भीतीने मीच बसवले होते. हेही मीच सांगतो, नाहीतर मालक सांगेल.

तेवढ्यात गर्दीतून एकजण ओरडला, “दार लावा! खालचं तोंड मिटवा आदी!”

तो ठाकूरवाडीच्या वरच्या अंगाचा, डोंगरात कोळशाच्या भट्ट्या लावणारा. त्याची बायको माझ्याकडे निवडायला होती.

गुमास्ता त्याच्यावर धावला. “येडा हाय का रं तू? आत मालकाचं गवत जळतंय!”

“आन वर माझी बायको हाय! ही भट्टीच हाय, शेट. खालनं वारा मिळतोय तवर धूर वरच जानार.”

मी गुमास्त्याला धरून बाजूला फेकला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आम्ही वखारीचं दार ओढून घेतलं, फटींत ओली गोणपाटं कोंबली, वरून चिखल थापला. दोघेतिघे कौलं काढायला शिडी घेऊन निघाले, तर भट्टीवाल्याने शिडीच धरून ठेवली. “आदी खाल. खाल पुरतं लिंपल्याबिगर वर हात लावायचा नाय.” खालची शेवटची फट बुजली तेव्हा तो स्वतः चढला आणि नेमकी जिन्यावरची कौलं उपसून खाली फेकू लागला. तिथून धुराचा खांब बाहेर पडला. मी मागच्या बाजूने दुसरी शिडी लावून पहारीने खिडकीचे गज उचकटत होतो. आतून खोकला ऐकू येत होता. कितीजणींचा, ते कळत नव्हतं.

नऊही जिवंत निघाल्या. कशा, ते आत डोकावल्यावर कळलं. जिथे माझं दार असायला हवं होतं तिथे त्यांनी हिरड्याची पोती रचली होती, छातीच्याही वर. पिण्याचा माठ ओतून पदर भिजवले होते आणि फटींत ठासले होते. पोती रचली ती भट्टीवाल्याच्या बायकोने. नवऱ्याची भट्टी लिंपता लिंपता ती हे शिकली होती. पण वरची फट बुजेपर्यंत कुणीतरी त्या तोंडाशी उभं राहायला हवं होतं, आणि उभी तीच राहिली. खिडकीतून तिला उतरवलं तेव्हा डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, “शेट, हिरडा धुरावला. आता इकाल कुनाला?”

दुसऱ्या दिवशी फौजदार आला, पंचनामा झाला. त्यात लिहिलं की जिन्यास दारे पूर्वीपासून नव्हती. पंचांत ते दोघे प्रतिष्ठित होते, ज्यांच्यासमोर मी ओटा सोडला होता. दोघांनी सह्या केल्या. मी ओरडलो, तर फौजदाराने मला बाहेर काढलं.

तिचा खोकला गेला नाही. चार पावलं चढली की छाती भरते, ओठ काळे पडतात. वाडीची वाट सगळी चढाची. म्हणून नवऱ्याने तिला खाली, रुळांच्या पलीकडे झोपडी बांधून दिली. दिवसभर ती डोंगराकडे तोंड करून बसते. सणाला वाडीवरचा ढोल तिला ऐकू येतो, जाता येत नाही. मी तिच्यापाशी गेलो आणि गजांचा दोष माझा, असं तोंडाने म्हणालो. ती म्हणाली, “ते ऱ्हाऊ द्या वो. दारं व्हती ना? मी रोज ढकलून जायची. मंग सायबाच्या कागदात नाय कशी?”

याचं उत्तर मी देणार नाही. ते माझं नाही. मालकाने आणि सह्या करणाऱ्या त्या दोघांनी तिच्या दाराशी यावं, खाली बसावं आणि तिच्या तोंडाकडे बघून सांगावं की दारं नव्हती. तिला चढवत नाही. त्यांना तर चढायचंही नाही. स्टेशनापासून वाट अगदी सपाट आहे. मग येत का नाहीत?