गुडघे न वाकवता

एकाहत्तर साली बी.एस्सी. होऊन मी नेवाशाजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागले, तेव्हा तेथेच निवृत्त होण्याचा माझा मुळीच विचार नव्हता. पहिली संधी त्याच हिवाळ्यात आली. शारीरिक शिक्षणाच्या वर्गासाठी पुण्याला एक शिक्षिका पाठवायची होती. मुख्याध्यापिकांची अट एकच: गुडघे न वाकवता पायांचे अंगठे धरून दाखवायचे. मुदत पंधरा दिवस. माझी बोटे नडगीच्या मध्यावरच थांबत.

मी प्रश्न रीतसर मांडला. अंतर बारा बोटे. रोज एक बोट जिंकले, तरी तीन दिवस शिल्लक. स्नायू म्हणजे रबर, हे गृहीतक. म्हणून पहाटेच्या थंडीत अंथरुणातून उठल्याबरोबर, अंगणात उभी राहून, कमरेतून खाली वीस हिसके. आमच्या घरमालकीणबाई गोठ्यातून हे पाहत. त्या दिवसभर कांद्याच्या वाफ्यात वाकून खुरपत आणि संध्याकाळी ताठ चालत घरी येत.

“बाई, हिसकं कशापायी देता? आमी वाकतो ते हळूच. म्हस बी उठली की आधी आंग ताणती.”

“मावशी, म्हशीला परीक्षा नसते.”

सहाव्या दिवशी कमरेत कळ आली आणि मी काटकोनात अडकले. मावशींनी मला तशीच बाजेवर कलती केली, उसण भरल्याचे निदान केले आणि माझे काहीएक न ऐकता पायाळू माणूस आणायला गेल्या. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने कमरेला लाथ लावली की उसण जाते, हा पंचक्रोशीचा ठाम विश्वास. अर्ध्या तासाने त्या ज्यांना घेऊन आल्या, त्या आमच्या मुख्याध्यापिका होत्या.

“कशाने भरली?” चप्पल काढत त्यांनी विचारले.

“कळशी उचलताना.”

“कळशी न्हाई वो,” मावशी म्हणाल्या. “रोज पहाटं हिसकं मारत्यात, अंगठं धराया.”

मुख्याध्यापिकांनी अत्यंत गंभीरपणे माझ्या कमरेला तीन वेळा पाय लावला, चहा घेतला आणि त्या गेल्या.

चार दिवस मी पडून काढले. नंतर मावशी सांगतील तसे केले: आधी चार फेऱ्या मारून अंग गरम करायचे, मग श्वास सोडत वाकायचे, ताण जाणवेल तेथे थांबायचे, दुखू लागण्यापूर्वी परत यायचे. यात विज्ञानाच्या विरुद्ध काहीही नव्हते, हेच मला अधिक लागले.

निवडीच्या दिवशी माझी बोटे अंगठ्यांच्या तीन बोटे अलीकडे थांबली. एका हिसक्याचे अंतर.

“आणखी खाली?” मुख्याध्यापिकांनी विचारले.

“नाही. येथून पुढे इजा होईल.”

“भूगोलाच्या बाईंनी अंगठे धरले.”

“धरले. तेव्हापासून त्या बाकावर कंबर धरून बसल्या आहेत.”

“ठाऊक आहे. पाय लावून घ्यायला उद्या सकाळी घरी येऊ का, असे त्यांनी मघाशीच विचारले,” मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि पुण्याला जाणाऱ्या कागदावर त्यांनी माझे नाव लिहिले.