पावती कोणाच्या नावावर?

व्हर्ना टटलने बावीस वर्षं आमच्या गावात शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून शाळेपुढच्या चौकात 'थांबा'ची लाल पाटी धरून पोरांना रस्ता ओलांडून द्यायचं काम तिने घेतलं. मी शाळेच्या कचेरीत असते. चौक माझ्या खिडकीसमोरच आहे.

त्या मंगळवारी पहिलीची नऊ पोरं तिच्या मागे होती. पाटी वर होती. एक कंपनी आमच्या रस्त्यांवर चालकाविना चालणाऱ्या गाड्यांची चाचणी घेत होती; तिची पांढरी मोटार आली, आत चिटपाखरू नाही, आणि थांबलीच नाही. व्हर्नाने पोरांना मागे रेटलं. तिच्या हातातली पाटी उडवून मोटार तशीच पुढे निघून गेली.

पोलीस रूबेन आला. लहानपणी तो हिच्याच बसने शाळेत यायचा.

"बाई, पावती फाडू कोणाच्या नावावर? कायद्यात 'चालक' लिहिलंय. आत चालकच नाही."

"माझा वेग जरा वाढला तेव्हा बरी फाडलीस रे!"

त्याने पावतीपुस्तक मिटून खिशात घातलं.

महिन्याभराने राजधानीत या गाड्यांबद्दल वाहन खात्याची जाहीर सुनावणी होती. मी तिला घेऊन गेले. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. अधिकारी गोड आवाजात म्हणाले, "कंपनीने सुरक्षिततेचं हमीपत्र दिलंय."

"म्हणजे पोराने स्वतःचाच पेपर तपासला आणि तुम्ही पास केलात!" व्हर्ना कडाडली. "बसचा परवाना देताना माझे डोळे तपासलेत, लघवी तपासलीत, दोनदा परीक्षा घेतलीत. यांचं काय तपासलंत? आमची पोरं काय प्रयोगाचे उंदीर आहेत?"

वेळ संपली. माईक बंद केला, तरी ती बोलतच राहिली.

पुढे कंपनीचं पत्र आलं: शाळेच्या रस्त्यावरची चाचणी आम्ही स्वखुशीने थांबवत आहोत. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्ना आणखीच भडकली. "खुशीने सोडलंय ते उद्या खुशीने परत धरतील. मला नियम हवाय, मेहेरबानी नको."

ती प्रत्येक सुनावणीला गेली. अकरा महिन्यांनी नियमांत दोन ओळी वाढल्या: हातातल्या पाटीपुढे थांबलंच पाहिजे, चालक नसेल तर पावती कंपनीच्या नावावर.

रूबेन कागद नाचवत आला. "जिंकलात, बाई!"

"कसली जिंकतेय? दोन ओळींना अकरा महिने! त्या नऊ पोरांतली एक मुलगी अजून पांढरी मोटार दिसली की फुटपाथवरून पाय उचलत नाही. तिचं काय करणार तुझा कागद?"