नव्या सर्व्हरला वाहिलेल्या अक्षता

श्रीगजाननाला आणि माता शारदेला वंदन करून लिहितो. निमित्त आहे आमच्या छत्रीबागेतल्या घरी खंडेनवमीला झालेल्या नव्या संगणकाच्या स्थापनेचे.

देवघराशेजारच्या कोनाड्यात एक जुना संगणक अनेक वर्षे अहोरात्र चालत असे. आमच्या मुलीने तो घरचा वेब सर्व्हर म्हणून बसवला होता. माझी पत्नी पहाटे स्तोत्रे म्हणत असे. ती मी ध्वनिमुद्रित करीत असे. मुलीने ती त्यावर ठेवली, आणि दूरदेशी गेलेले आप्त ती आपापल्या घरी ऐकू लागले. पत्नी गेली, पण तिची पहाट त्या यंत्रात चालू राहिली.

यंदा त्याची हार्ड डिस्क करकरू लागली.

"बाबा, ही केव्हाही जाईल," राजेंद्र नगरहून आलेली मुलगी म्हणाली. "आणि आईच्या आवाजाची दुसरी कॉपी नाहीये. एकदा बंद केला तर परत चालू होईल, याची गॅरंटी नाही."

तिने सुटे भाग आणून स्वतःच नवा संगणक जोडला. खंडेनवमीच्या सकाळी दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून तिने आवाज जुन्यातून नव्यात उतरवायला लावले आणि ती पोह्यांच्या तयारीला आत गेली.

आमच्याकडे त्या दिवशी पूर्वजांची तलवार, माझा बोरू आणि संगणक एकाच पाटापाशी पुजले जातात. मी नव्या यंत्राला गंध लावले आणि मूठभर अक्षता वाहिल्या. थोड्याच वेळात ते आपोआप बंद पडले.

"बाबा! वरून काय टाकलंत?"

"अक्षता. आपल्याकडे दरवर्षी वाहतातच की."

"अहो, जुन्याचा पंखा मागे आहे, याचा वर, जाळीखाली! एवढा तगडा सर्व्हर, अन् तुम्ही तांदळाच्या दाण्यानं झोपवला. गजब करता हं!"

तिने झाकण काढले. पंख्यात कुंकवाने माखलेला एक दाणा अडकला होता. वारा थांबल्याने यंत्र तापले होते. ती चिमट्याने तो काढीत असता मी जुन्या संगणकावर, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवून जप करीत बसलो. करकर चालू होती, तोवर आशा होती.

दुपारपर्यंत सारे उतरले. नव्या यंत्रातून स्तोत्र ऐकू आले, आणि शेवटी पत्नीचे नेहमीचे, "अहो, झालं का? बंद करा ते, दूध उतू जातंय!"

मुलगी हसता हसता डोळे पुसू लागली.

मग जुन्या यंत्राची उत्तरपूजा केली आणि ते शांत केले. उघडून पाहिले, तर तळाशी धुळीत तांदूळच तांदूळ, कुंकू विटून गेलेले. दर खंडेनवमीला त्याला अक्षता वाहण्याचा मान पत्नीचा असे. एका दाण्यासाठी मला रागावलेली मुलगी ते दाणे एकेक करून वेचू लागली.

"नव्यापाशी ठेवूया," ती म्हणाली. "पण पुडीत बांधून. पंख्यापासून लांब!"

ती पुडी आता कोनाड्यात आहे, आणि पहाटेचा आवाज पूर्ववत आहे. वाचकहो, आपल्या घरातील प्रिय वाणी अखंड राहो, कुलदेवता आपणा सर्वांचे रक्षण करो, आणि चुलीवरचे दूध वेळेवर कुणाच्या तरी लक्षात येवो. शुभं भवतु.